स्कूबाचे ग्लोव्हज: एकच जोड सगळीकडे चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणला पहिली डाईव्ह झाली, वर येताना बोटीच्या शिडीला तळहात कापला. जानेवारीत अंदमानात ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला प्रमाणपत्राचा कोर्स, करायचाय. एप्रिलमध्ये नोकरीसाठी इंग्लंडात लेस्टरला मुक्काम हलणार, आणि तिथली एक मैत्रीण ज्या क्लबात आहे तो स्टोनी कोव्हला डायव्हिंग करतो. पुण्यातल्या दुकानदाराने ५ मिलिमीटर जाडीचे ग्लोव्हज पुढे करून सांगितलं, "हे घ्या, सगळीकडे चालतील." घेऊ का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही, पण ‘सगळीकडे चालणारे’ ग्लोव्हज मी सतरा वर्षांत पाहिलेले नाहीत. मी मूळचा मालवणचा, तिथेच शिकवायला लागलो, मग अंदमानात काही हंगाम काढले आणि मधली चार वर्षं इंग्लंडात होतो. त्यामुळे तुमच्या यादीतली तिन्ही पाणी माझ्या हातांनी भोगलेली आहेत.

लोक ग्लोव्हज घेताना पहिल्यांदा जाडी विचारतात. मी उलटं विचारतो: पाण्यात तुमच्या हाताला काम काय पडणार आहे? थंडीपासून वाचायचं, कापण्यापासून वाचायचं, की दोर ओढायचाय? या तीन गरजा तीन वेगळे ग्लोव्हज मागतात. आणि चौथी शक्यता, म्हणजे हात उघडाच ठेवायचा, ही आपल्याकडे बहुतेक वेळा बरोबर असते.

आधी मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी हंगामात साधारण २६ ते २९ अंशांचं असतं. एवढ्या पाण्यात तासाभरात अंगाला गारठा जाणवेल, पण बोटं बधिर होत नाहीत. तुम्हाला कापलं ते बार्नेकलने, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचवाल्या जिवाने. किल्ल्याभोवतीचे खडक कालवांनी आणि बार्नेकलनी मढलेले असतात, आणि बोट बरेच दिवस पाण्यात उभी राहिली की शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर, नांगराच्या दोरावरही तेच बसतं. लांबून ती पांढरी पुटकुळी दिसते, प्रत्यक्षात काठ ब्लेडसारखा. पाण्यात हात मऊ पडलेला असतो, त्यामुळे कापतं तेव्हा कळतही नाही. वर आल्यावर पाणी लाल दिसतं तेव्हा कळतं. अशी जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने खसखसून धुवा, आत कवचाचा तुकडा राहिला नाही ना ते बघा. नुसतं हळद लावून बांधली तर आत राहिलेला तुकडा आठवड्याने ठणकायला लागतो.

यासाठी ५ मिलिमीटरचं निओप्रीन, म्हणजे स्कूबाच्या सूटचं ते फुगीर रबर, हे डास मारायला तोफ. आमच्याकडे बोटीवरची पोरं वापरतात ते हार्डवेअरच्या दुकानातले ग्लोव्हज: मागची बाजू विणलेली, तळव्याला आणि बोटांना नायट्रिलचा थर. गवंडी वापरतात तेच. ओल्या दोरावर पकड उत्तम, बोटांना बऱ्यापैकी कळतं, आणि फाटले तर जीव हळहळत नाही. सुती मात्र घेऊ नका. ते पाणी पितात आणि ओलं फडकं गुंडाळल्यासारखे लोंबतात. स्कूबाच्या दुकानात याचाच सभ्य अवतार मिळतो, दीड-दोन मिलिमीटरचा, तळव्याला अमारा नावाचं कृत्रिम चामडं लावलेला. चांगला असतो, फक्त मालवणच्या शिडीला तो आणि गवंड्याचा ग्लोव्ह यांतला फरक समजत नाही.

पण ग्लोव्हज घातले की माणसाचा हात धीट होतो, ही खरी अडचण. उघड्या हाताने तुम्ही खडकाला टेकताना दहादा विचार कराल. ग्लोव्ह घातलेला माणूस झाडाची फांदी धरावी तसा खडक धरतो. माझ्याकडे एक पुण्याचाच विद्यार्थी होता, नवेकोरे ग्लोव्हज, काळ्यावर निळी पट्टी. सातेक मीटरवर प्रवाह थोडा ओढायला लागला तसा त्याने हात टेकला, आणि ज्याला त्याने दगड समजून धरलं तो दगड सरकला. स्कॉर्पियनफिश होता, दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा. काटा ग्लोव्हमधून आरपार गेला, जणू मध्ये काही नव्हतंच. बोटीवर आणेपर्यंत त्याचा चेहरा राखेसारखा. अशा वेळी हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. पाण्याचा अंदाज न चावलेल्या हाताने घ्यायचा, कारण चावलेल्या हाताला कळत नाही आणि माणूस स्वतःला भाजून घेतो. मग डॉक्टर. लायनफिश आणि स्टोनफिश यांनाही हाच उपाय. सी अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या जिवाचे लांब काटेसुद्धा जाड निओप्रीन सहज भेदतात. तेव्हा विषारी माशासाठी ग्लोव्हज घेतोय, असं कुणी म्हटलं तर मी त्याला आधी तरंगायला शिकवतो. बॉयन्सी, म्हणजे न बुडता, न वर येता पाण्यात अधांतरी राहणं, जमली की हात छातीशी बांधून डाईव्ह करता येते.

अंदमानाचं उत्तर म्हणूनच सोपं आहे: उघडे हात. जानेवारीत स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, पाणी उबदार असतं. कोर्समध्ये तुम्हाला मास्क काढून परत लावायचाय, रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची तोंडातली नळी, शोधून तोंडात घालायचाय, जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण अर्ध्या सेकंदासाठी दाबायला शिकायचंय. हे सगळं बोटांनी शिकायचं असतं, आणि पहिल्याच कोर्सला बोटांवर बुरखा घातला तर ते शिकणं अर्धवट राहतं. शिवाय प्रवाळ. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर वाघाच्या पंक्तीला. ग्लोव्हज नसले की कुणी त्यांना हात लावत नाही, कारण फायर कोरल चाटून गेलं तर तासभर आग आग होते. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर आणि मेक्सिकोच्या कोझुमेलला तर मरीन पार्कमध्ये ग्लोव्हज घालायलाच बंदी आहे, वैद्यकीय कारण वगैरे सोडून. बाहेर कुठेही जायचं असेल तर बॅगेत टाकण्याआधी तिथल्या सेंटरला विचारून घ्या.

आपल्या पाण्यात मी स्वतः ग्लोव्हज घालतो ते दोन वेळा. एक, प्रवाहात नांगराचा दोर धरून उतरायचं असेल तेव्हा. दुसरं, खडकात अडकलेली जाळी काढताना. तिथे कापाला दाद न देणारं कापड लागतं, केवलार किंवा डायनीमा विणलेलं, कारण एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात ताणलेला नायलॉनचा धागा असतो. आणि तिथे मनगटाला वेलक्रो असलेला ग्लोव्ह नको. एकदा माझ्या वेलक्रोच्या काट्यांत जाळ्याचे तीन-चार पीळ असे रुतले की जाळं मला सोडायचं नाव घेईना. दुसऱ्या हाताने ग्लोव्हच काढून टाकला. तो अजून तिथेच असेल, म्हणजे समुद्रातला कचरा काढायला जाऊन मी एक नग वाढवून आलो.

आता इंग्लंड. इथे मात्र ग्लोव्हजशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही.

स्टोनी कोव्ह ही लेस्टरशरमधली ग्रॅनाइटची जुनी खाण, आता पाण्याने भरलेली, सर्वांत खोल जागी साधारण ३५ मीटर. हिवाळ्यात पाणी ४ ते ६ अंशांपर्यंत उतरतं. एप्रिलमध्ये वर ऊन पडलेलं असतं, झाडांना पालवी असते, आणि पाणी अजून दहाच्या आतबाहेर घुटमळत असतं. आपल्याकडचा माणूस ऊन बघून फसतो. मी तर जानेवारीतच फसलो होतो. आठवडाभरापूर्वीच तिकडे पोचलेलो, बॅगेत भारतातून नेलेले ३ मिलिमीटरचे ग्लोव्हज, आणि डोक्यात हजारएक डाईव्ह्जची गुर्मी. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा सूट, भाड्याने घेतला, ग्लोव्हज मात्र ‘आपले आहेत ना’ म्हणून आपलेच.

पहिली दोन मिनिटं हात जळल्यासारखे झाले. मग ते थांबलं आणि मला वाटलं, सवय झाली. सवय कसली, बोटं बधिर झाली होती. बाराव्या मिनिटाला प्रेशर गेज बघायला क्लिप उघडायची होती, छोटी पितळी सरकती क्लिप, जी मी झोपेतही उघडू शकतो. अंगठा तिच्यावर होता हे मला दिसत होतं, पण जाणवत नव्हतं. मी दाबत होतो आणि ती हलत नव्हती, किंवा मी दाबतच नव्हतो, कोण जाणे. बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, खूण केली, वर आलो. एकूण बावीस मिनिटं. फिनचे पट्टे त्याने काढले, झिप त्याने उघडली, आणि त्याने दिलेला चहाचा कप मी दोन्ही मनगटांत धरून प्यायलो. हात परत जिवंत होतानाच्या कळा जन्मात विसरणार नाही.

झालं काय ते समजून घ्या. बोटाच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक काम जमेनासं होतं, आठेक अंशांवर स्पर्शच कळत नाही. पाणी हवेच्या पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. त्यात शरीराला गारठा लागला की ते पोटातली ऊब वाचवायला हातापायांचं रक्त आधी कमी करतं. म्हणून हात गार पडण्याचं मूळ पुष्कळदा डोक्यात आणि छातीत असतं. पातळ हूड (डोक्यावरची निओप्रीनची टोपी) आणि जाड ग्लोव्हज ही जोडी निरुपयोगी. पैसे कमी असतील तर आधी हूड आणि सूटच्या आतली बंडी चांगली घ्या, बोटं आपोआप जास्त वेळ टिकतात.

दुसरी गोष्ट निओप्रीनची. ती म्हणजे रबराच्या आत कोंडलेले वायूचे बुडबुडे, आणि ऊब धरतात ते बुडबुडेच. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे त्या मानाने चेपतात. दुकानात गुबगुबीत वाटलेला ग्लोव्ह तळाशी पुठ्ठ्यासारखा झालेला असतो. म्हणून खोल आणि गार अशा दोन्ही अटी एकत्र आल्या की जाडीचा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही.

माझं गणित ढोबळमानाने असं आहे. २४ अंशांच्या वर थंडीसाठी काही नको. १८ ते २४ला २ किंवा ३ मिलिमीटर. १० ते १८ला ५ मिलिमीटर. त्याखाली ७ मिलिमीटरचे तीनबोटी ग्लोव्हज किंवा ड्राय ग्लोव्हज. कुणाचे हात मुळातच गार असतील तर एक पायरी वर. थंडीत बोटं पांढरी फटक पडून ठणकत असतील तर ग्लोव्हजच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

सात मिलिमीटरमध्ये पाचबोटी का नको, तीनबोटी का? हाताचं बोट बारीक आहे. बारीक गोष्टीवर थर चढवत गेलं की बाहेरचा पृष्ठभागही वाढत जातो आणि प्रत्येक जास्तीच्या मिलिमीटरचा फायदा कमी होत जातो. त्यापेक्षा बोटं एकत्र ठेवावीत. पाच पोरांना पाच गोधड्या दिल्या तर पाचही कुडकुडतात, एका गोधडीत कोंबली की घोरतात. तीनबोटीमध्ये अंगठा सुटा, तर्जनी सुटी, बाकीची तीन एकत्र, त्यामुळे ओकेची खूण जमते आणि बटणंही दाबता येतात. आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत, २ ते ४ अंशांच्या पाण्यात, पर्यटकांना असेच जाड मिटन देतात. पाणी आत शिरतं, पण शिरलेलं बदलत नाही तोवर चालतं.

ही ‘पाणी बदलण्याची’ भानगड महत्त्वाची. ओल्या ग्लोव्हमध्ये पाणी येणारच. मनगट ढिलं असेल तर प्रत्येक हालचालीला आतलं कोमट पाणी बाहेर आणि बाहेरचं गार आत. म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूला गुळगुळीत, कातडीला चिकटणारी पट्टी आहे का ते बघा. चेन असलेले घालायला सोपे, पण खाऱ्या पाण्यात चेन लवकर अडकायला लागते आणि तिथूनच पाणीही येतं. मी चेनवाले घेत नाही. शिवण बघायची युक्ती: दोन बोटांच्या मधली शिवण ताणून दिव्यासमोर धरा. भोकांतून उजेडाचे ठिपके दिसले तर सुई आरपार गेली आहे, म्हणजे तितकी दारं उघडी. गार पाण्यासाठी आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीपर्यंतच टाके घातलेली शिवण हवी, दुकानात तिला ब्लाइंड स्टिच म्हणतात.

ड्राय ग्लोव्हजबद्दल मैत्रीण उत्साहाने बोलेल. यात मनगटावर एक कडं असतं, त्यात पीव्हीसी किंवा लॅटेक्सचा ग्लोव्ह बसतो आणि आत लोकरीचा पातळ मोजा. हात कोरडा राहतो, चाळीस मिनिटांनीही बोटं आपलीच वाटतात. मग सगळेच का घालत नाहीत? खाली जाताना आतली हवा चेपते आणि ग्लोव्ह हाताला आवळतो. ते टाळायला मनगटाच्या सीलखालून, म्हणजे ड्रायसूटच्या बाहीच्या घट्ट रबरी कडेखालून, बारीक नळी किंवा दोरी घालून सूटमधली हवा ग्लोव्हमध्ये येऊ देतात. पण मग ग्लोव्हला भोक पडलं तर पाणीही त्याच वाटेने बाहीत शिरतं. नळी घातली नाही तर पाणी पंजापुरतं राहतं, पण हात चिमटतो. जो तो आपापला त्रास निवडतो. नव्या माणसाने ड्रायसूट, नवं पाणी आणि ड्राय ग्लोव्हज असं तिन्ही एकाच दिवशी शिकू नये. तुम्ही पहिल्या हंगामात ओले ५ मिलिमीटर वापरा, बोटं किती वेळ टिकतात ते स्वतः बघा, पुढच्या हिवाळ्यात ठरवा. ड्रायसूटबरोबर ओले ग्लोव्हज घालताना त्यांची कडा मनगटाच्या सीलखाली जाऊ देऊ नका. जराशी सुरकुती आत गेली की कोपरापर्यंत ओले.

माप. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी हाडं उठतात तिथून पट्टी फिरवा, मूठ सैल ठेवून. आकडा कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा, आणि तक्त्यावर फार विश्वास ठेवू नका. युरोपीय कंपन्यांच्या मापांत तळवा बसला तरी बोटं लांब पडतात असा आपल्याकडच्या अनेकांचा, विशेषतः बायकांचा, अनुभव आहे. टोकाला अर्धा सेंटिमीटर रिकामी पिशवी राहिली की ती नेमकी बटणावर दुमडते. उलट बोटांच्या बेचक्यांत ताण आला तर मूठ वळताना रक्त अडतं आणि महागडा ग्लोव्ह घालून हात आणखी गार पडतो. दुकानात घालून पाच मिनिटं तसेच फिरा. दहादा मूठ वळा. टेबलावरचं रुपयाचं नाणं उचला, ते नाही उचललं गेलं तर निदान पेन उचला. मुंग्या आल्या तर परत करा. नवं निओप्रीन थोडं सैलावतं, पण बेचक्यातला ताण जात नाही. हातांवर पुरळ येत असेल तर सांगा, काहींना निओप्रीनमधल्या रसायनांची, काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते.

घेतल्यावर पहिली डाईव्ह उथळ पाण्यात, दोन-तीन मीटरवर, केवळ ग्लोव्हजसाठी. मास्क काढून लावा. मास्कच्या कडेखाली केस अडकला तर उघड्या बोटाला लगेच लागतो, पाच मिलिमीटरला पत्ता लागत नाही आणि मास्क डाईव्हभर गळतो. इन्फ्लेटर, हवा सोडायचं बटण, वजनं टाकायची मूठ, खोली-वेळ दाखवणाऱ्या डाईव्ह कॉम्प्युटरची बटणं, बडीचा जास्तीचा रेग्युलेटर: सगळं डोळे मिटून. यातलं एकही जमलं नाही तर तो ग्लोव्ह कितीही उबदार असो, खोल नेऊ नका. घालायचा क्रम: हूड, मास्क, सगळ्यात शेवटी ग्लोव्हज. पहिला आपला आपण, दुसरा बडी चढवतो. आत आधीच कोमट पाणी ओतून घातलं तर सहज सरकतात आणि सुरुवातीची दहा मिनिटं सुखाची जातात. फक्त डाईव्हनंतर बधिर हातांवर कढत पाणी ओतू नका, कोमटच. कारण तेच, स्कॉर्पियनफिशवालं.

तर खरेदी अशी. मालवणसाठी गवंड्याच्या ग्लोव्हजची एक जोडी. अंदमानासाठी शून्य. लेस्टरला पोचल्यावर पहिल्या दोन डाईव्ह्जना क्लबातल्या कुणाचे मागून घाला, दोन वेगळ्या कंपन्यांचे मिळाले तर उत्तम, मग तिथेच दुकानात हात घालून ५ मिलिमीटरचे घ्या. पुण्यातल्या दुकानदाराला वाईट वाटेल, त्याच्याकडून स्नॉर्केल घ्या.

आणि वापरल्यावर गोड्या पाण्यात आतून-बाहेरून धुवा, उन्हात टाकू नका, निओप्रीनला भेगा पडतात. मी पावसाळ्यात ते पडवीत दोन रिकाम्या बाटल्यांवर उलटे चढवून ठेवतो, बोटं आकाशाकडे. बोटांच्या टोकांत पाणी शेवटपर्यंत राहतं आणि कोकणातल्या दमटपणात तिथूनच बुरशी सुरू होते, म्हणून प्रत्येक बोटात वर्तमानपत्राची एक सुरळी सारायची आणि दुसऱ्या दिवशी बदलायची.